अनलिमिटेड, पण तेवढं सोडून

कोल्हापुरात थाळी मागवली की तांबडा-पांढरा रस्सा न विचारता वाढला जातो. मटणाची दुसरी वाटी मागितली की मात्र वाढप्याची नजर बदलते आणि पाठोपाठ बिलही. ‘अनलिमिटेड’ची हद्द कुठे संपते हे या गावाला कुणी शिकवायला नको. तरी मोबाइलच्या पॅकनं आम्हाला गाठलंच.

आमचे थोरले काका, म्हणजे आबा, मंगळवार पेठेत राहतात. त्यांचा पॅक अठ्ठावीस दिवसांचा. टेलिफोन कंपन्यांचं पंचांगच वेगळं. त्यांचा अधिक महिना दर वर्षी येतो आणि वर्षाला तेरा रिचार्ज होतात. २०२२ साली दूरसंचार नियामक ट्रायनं कंपन्यांना बजावलं, की निदान एक तरी प्लॅन तीस दिवसांचा ठेवा. त्यावर आबांची शंका : “म्हंजे एकतीस तारखेला मुकं बसायचं?”

तर आबा एटीएमवर गेले. यंत्रानं घरघर केली, नोटा दिल्या नाहीत, पण खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज तेवढा तत्परतेनं पाठवला. आबांनी कार्डाच्या पाठीवरचा १८६० ने सुरू होणारा नंबर लावला. पलीकडून एक मंजुळ बाई म्हणाल्या, “आपल्या खात्यात पुरेशी रक्कम शिल्लक नाही.”

“बाई, म्हणून तर फोन लावलाय!” आबा ओरडले.

बाई बँकेच्या नव्हत्या, मोबाइल कंपनीच्या होत्या, हे समजावायला मला बोलावणं आलं. पॅकमध्ये बोलणं अनलिमिटेड, पण असे खास नंबर कितीतरी पॅकच्या बाहेर असतात. त्यांना वेगळा बॅलन्स लागतो आणि आबांचा तो बॅलन्स शून्य. मग दहा रुपयांचा टॉपअप मारला. आले सात रुपये सत्तेचाळीस पैसे. अठरा टक्के जीएसटी काढला की दहाचे आठ सत्तेचाळीस होतात, वर एक रुपया प्रोसेसिंगचा. “पैसं टाकायचं पैसं?” आबांनी विचारलं. तेवढ्या बॅलन्सवर बँकेचं संगीत ऐकून झालं. ‘आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे,’ असं दोनदा सांगण्यात आलं. मोल आबांच्या बॅलन्समधून जात होतं, त्यामुळे विधान खोटं म्हणता येत नाही.

गंमत अशी, की १८६० हा नंबर मुळात सवलतीचा. १८०० वर फोन केला तर सगळा खर्च ज्याचा नंबर त्याचा. १८६० वर खर्च वाटून : आपण लोकल कॉलचे पैसे द्यायचे, लांबच्या अंतराचा भार कंपनीनं उचलायचा. एसटीडीच्या काळात हे औदार्यच होतं. रात्री दर उतरायची वाट बघत बूथबाहेर रांगेत उभं राहणारे, मीटरवर डोळा ठेवून “बाकी बरं आहे, ठेवतो” म्हणणारे आम्ही लोक. मुंबईचं ऑफिस लोकल दरात मिळतंय म्हटल्यावर विनाकारणही फोन केला असता.

मग २००६ मध्ये बीएसएनएलनं देशात कुठेही एक रुपयात मिनिट केलं, २०१६ मध्ये जिओ आलं, आणि हळूहळू पुतण्याच्या बारशापासून शेजाऱ्याच्या म्हशीपर्यंत सगळं बोलणं पॅकमध्ये बसलं. लोकल दर तेवढा जागच्या जागी राहिला. गडचिरोलीला तासभर गप्पा मारा, पैसे नाहीत. सवलतीच्या नंबरावर एक मिनिट बोला, पैसे पडतात. सगळा बाजार फुकट झाला आणि डिस्काउंटचं दुकान तेवढं महाग उरलं.

इंग्रजांनी हे आमच्याआधी भोगलंय, ऐकून बरं वाटलं. तिथे ०८४५ हा ‘लोकल दराचा’ नंबर. पॅकेजं आली, साधे नंबर त्यात गेले, ०८४५ बाहेर राहिला. शिवाय तिथल्या अशा नंबरांवर कॉलच्या पैशातला वाटा नंबर घेणाऱ्याला मिळू शकायचा; म्हणजे गिऱ्हाइकाला जितकं ताटकळत ठेवाल तितकी कमाई. लेस्टरला राहणारा आमचा भाचा म्हणतो, लोक अशा कंपन्यांचे साधे नंबर शोधून एकमेकांना द्यायचे. शेवटी २०१४ साली कायदा लागू झाला : खरेदी केलेल्या वस्तूची तक्रार करायला साध्या कॉलपेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत.

वाटणीत आपणही मागे नाही. २००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’त शाहरुख खान होता, तेव्हा प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ स्पर्धा होती. एसएमएसनं उत्तर पाठवायचं, बरोबर उत्तरांतून एकाला दोन लाख. एसएमएस दोन रुपये चाळीस पैशांचा. आले पाच कोटी ऐंशी लाख. गुणाकार तेरा कोटी ब्याण्णव लाख. बावन्न भागांची बक्षिसं मिळून एक कोटी चार लाख. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटीचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. आबांचं उत्तर बरोबर होतं म्हणे. त्यांच्या लेखी त्यांचे दोन लाख अजून येणं आहेत.

एटीएमच्या पैशांचं मात्र सुरळीत झालं, तेही फोनविना. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे : असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत बँकेनं आपणहून परत करायचे, उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे कळल्यावर आबांचा सूर पालटला. “दिवसाला शंभर? मग गप बसू या की चार-सा महिनं!” बँकेनं चौथ्या दिवशी पैसे जमा केले, तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तेव्हा वाचकहो, १८६० दिसला तर आधी आसपास १८०० आहे का बघा. नसला तर शाखेचा ०२३१ चा साधा नंबर लावा. तो पॅकमध्ये बसतो. कुणी उचलत नाही, हे खरं. पण न उचललेल्या फोनला कुठल्याच पॅकमध्ये पैसे पडत नाहीत.