नव्वद की एकशेचाळीस?

सास्तूरला जुनी फोर-व्हील जीप थांबवून बॉनेट उघडा, गिअर ऑइलचे सल्लागार आपोआप जमतात. गिअरबॉक्स बॉनेटखाली नसतो, हे त्यांच्या गावीही नसतं. "नव्वद ग्रेडचं टाका की!" "छे, मराठवाड्याचं ऊन हे, एकशेचाळीसच!" तिसरा म्हणतो, "जीएल-५ घ्या, चारापेक्षा पाच मोठा." जीएल-५ मधलं जादा गंधक-फॉस्फरस डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना मानवतं, गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा मात्र ते कुरतडू शकतं. तिथं जीएल-४ बरं. ट्रान्स्फर केसचं ऑइल कुणालाच आठवत नाही; जीप निघते वरातीला, तिथं फोर-व्हीलचा दांडा ओढतंय कोण! गाडीची पुस्तिका मिळाली तर आधी वाचा. आणि वरचा भरायचा नट सुटतोय हे बघूनच खालचा सोडा.