अंजिराला जोडीदार लागत नाही

रेडिंग, इंग्लंड

ती. आई-बाबांस,

अंजिराला जोडीदार लागत नाही. गुहागरच्या आगरात नर झाड नसेल तर जायफळाच्या माद्या नुसती पाने मिरवतात, पपईचीही तीच तऱ्हा. त्यामुळे ‘दोन रोपे घ्या, एक नर एक मादी’ हा बाबांचा निरोप अनुभवाचाच होता. पण अंजिराचा संसार निराळा आहे. अंजिराचे एक रोप घ्यावे की दोन, यावर रेडिंगच्या घरात दोन पक्ष पडल्याने पत्र त्रयस्थाच्या भाषेत लिहिले आहे. कोणी राग मानू नये.

अंजीर हे उंबराचे भावंड. फळ म्हणून जे खाल्ले जाते ती खरे तर फुलांची बंद पिशवी. शेकडो बारीक फुले आतल्या अंगाला असतात आणि टोकाशी एक बारीक भोक, त्याला डोळा म्हणतात. उंबराचे फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही ते याचमुळे. अंजिराच्या या डोळ्यातून आत शिरण्याचे काम जेमतेम दोन मिलिमीटरची एक माशी करते. स्मर्ना गटाच्या अंजिरांना तिच्याशिवाय गत्यंतर नाही: तिने रानअंजिराचे पराग आणले नाहीत, तर फळे हिरवीच गळतात. कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी 1880 च्या दशकात ही झाडे नेली. झाडे फोफावली, फळ मात्र टिकेना. तिथे माशी स्थिरावली 1899 मध्ये, मग अंजीर पिकले.

साध्या अंजिराला यातले काहीच लागत नाही. परागीकरण न होताच त्याचे फळ भरते आणि पिकते. नर्सरीच्या चिठ्ठीवर ‘सेल्फ-फर्टाइल’ असे छापतात ते काटेकोरपणे पाहिले तर चूक आहे. त्याचा अर्थ होतो स्वतःशीच लग्न. इथे लग्नच होत नाही आणि पाळणा हलतो.

इंग्लंडमध्ये ती माशी नाही. म्हणजे स्मर्ना गटाचे झाड इथे लावून उपयोग नाही, आणि परसबागेसाठी नर्सरीत जे विकतात ते बिनमाशीचेच असते. घरच्या कर्त्या पुरुषाने ‘हे बिनमाशीचेच ना?’ हा प्रश्न दुकानातल्या पोराला पाव तास विचारला, मागे रांग लागली, आणि उत्तर आले, ‘सगळीच तशी आहेत.’ अंजिरात किडे असतील ही आईची चातुर्मासातली शंकाही यातच मिटते. उंबर फोडून केंबरे काढू नयेत हे खरे, पण इथल्या परसातले अंजीर खुशाल फोडावे. आत केंबरे नसतात.

खरी निवड वेगळ्याच गोष्टीवर ठरते: थंडीत तगणार कोण आणि पिकणार कधी? सासवडच्या आत्याकडे खट्टा आणि मीठा असे दोन बहार घेता येतात. इथेही झाड दोनदा फळ धरते, पण उघड्यावर पिकते एकच. उन्हाळा सरता सरता फांद्यांच्या टोकांशी वाटाण्याएवढी जी फळे येतात, ती थंडी काढतात आणि पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात गोड होतात. वसंतात नव्या फुटीवर येणारी मात्र थंडी पडली तरी हिरवीच राहतात. ती नोव्हेंबरात काढून टाकायची. शेजारच्या आजीबाईंनी अशी परडीभर हिरवी अंजिरे दिली होती. त्यांची भाजी करून पाहिली. तो प्रयोग पुन्हा होणार नाही.

आता वाण. ‘ब्राउन टर्की’ सर्वत्र मिळतो, थंडीला दाद देत नाही, चवीला मध्यम. घरातला शहाणा मुलगा म्हणावा तसा. ‘ब्रन्सविक’चे फळ मोठे. ‘व्हाइट मार्सेय’ फिकट हिरवा आणि गोड. लंडनच्या लँबेथ पॅलेसमधली या वाणाची जुनी झाडे सोळाव्या शतकात कार्डिनल पोल यांनी लावली असे परंपरेने सांगतात. ‘रूज द बोर्दो’ची चव उत्तम, पण त्याला काचघर हवे, आणि रेडिंगच्या घरात काचेचे म्हणाल तर लोणच्याच्या बरण्याच आहेत. ‘डेझर्ट किंग’ हा अर्धवट संन्यासी आहे: पहिला बहार माशीविना, दुसऱ्याला माशी हवीच. पण दुसरा इथे पिकतच नसल्याने त्याचा खोटेपणा कधी उघडा पडत नाही.

बियांपासून रोप करू नये. नातवाने तुर्की सुक्या अंजिराच्या बिया कुंडीत टाकल्या, त्या उगवल्याही. स्मर्नाच्या अशा बियांतली साधारण निम्मी रोपे रानअंजिराची निघतात, ज्यांचे फळ खाण्याजोगे नसते, आणि कोणते कोणते हे कळायला काही वर्षे जातात. नाव लिहिलेले, छाटकलमाचे रोपच घ्यावे.

जागेबाबत बाबांना धक्का बसेल. इथे सूर्य दक्षिणेकडूनच तळपतो, म्हणून झाड दक्षिणाभिमुख भिंतीला टेकवून लावतात. यमाची दिशा असली तरी ऊब तिकडूनच येते. मुळे मोकळी सोडली तर पानेच पाने होतात, म्हणून साठ सेंटिमीटरच्या खड्ड्याला चारी बाजूंनी फरशा लावून मुळांना कोंडायचे. छाटणी झाड थंडीत झोपलेले असताना आणि हातमोजे घालून करायची. चीक कातडीला लागून वर ऊन पडले तर फोड येतात.

दोन्ही पक्षांत तडजोड होऊन ‘ब्राउन टर्की’ ठरला आहे. आत्याने पुरंदरची काडी ओल्या पंच्यात गुंडाळून इकडे येणाऱ्या आईच्या बॅगेत घालू नये. वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राविना ती विमानतळाबाहेर येणार नाही. फणसपोळीच्या जागेत काटकसर करू नये.

— रेडिंगची मंडळी