गलांगल मिळालं, पुढे काय?

घरी थाई जेवण करायचं ठरलं की मराठी माणूस आधी यादी करतो. आल्याच्या जातीचं गलांगल, मकरूत लिंबाची पानं, फिश सॉस, चपट्या तांदळाच्या नूडल्स, ताडाची साखर. मग ती यादी घेऊन शहरातली वातानुकूलित दुकानं पालथी घातली जातात. तिथे लिंबाची दहा पानं ज्या भावात मिळतात, त्या भावात कोकणातला माणूस अख्खं झाड मुळासकट द्यायला तयार होईल. सामान घरी येतं, ओट्यावर मांडून त्याचा फोटो निघतो आणि रात्री जे शिजतं ते हिरव्या रंगाचं, नारळाच्या दुधातलं मिक्स व्हेज असतं. पंगतीत कुणीतरी समजूतदारपणे म्हणतं, ‘तिकडचं गलांगल इथे मिळत नाही ना!’ आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. माझं म्हणणं असं, की त्या बिचाऱ्या गलांगलाचा काही गुन्हा नाही. थाई पदार्थ करण्याच्या रीतीत असतो, आणि आपण तेवढी एक रीत सोडून बाकी सगळं विकत आणतो.

सामानाच्या कुळशीलावर अस्सलपणा ठरवायचा, तर थायलंडच्या स्वयंपाकघरातलं निम्मं सामान दारातच अडेल. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा दूत सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, तेव्हाची राजधानी अयुथ्थया इथल्या दरबारात हजर झाला. आपल्या ठेच्याची आणि त्यांच्या करीची मिरची एकाच मालकाच्या जहाजांनी पुढे सरकली. सोम ताम या कोशिंबिरीतली कच्ची पपईही अमेरिकेचीच. मासामान करीत दालचिनी-वेलची आली ती मुसलमान व्यापाऱ्यांच्या वाटेने. आणि पॅड थाई? त्यातल्या नूडल्स चिनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांच्या सरकारने लोकांनी नूडल्स खाव्यात म्हणून मोहीम चालवली आणि त्या लाटेवर हा पदार्थ राष्ट्रीय झाला. देशाचं ‘सयाम’ हे नाव बदलून ‘थायलंड’ झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत, १९३९ साली. म्हणजे ज्या पदार्थाच्या अस्सलपणासाठी आपण तीन दुकानं फिरतो, तो आपल्याकडच्या कित्येक आजोबांपेक्षा वयाने लहान आहे. खुद्द थाई सरकारलाही या अस्सलपणाची काळजी लागलेली असते. २०१४ साली त्यांनी पदार्थाचा नमुना चाखून तो प्रमाण चवीला किती जुळतो याचे गुण देणारं यंत्र जगापुढे आणलं. सासूबाईंचं काम यंत्रावर सोपवणारं हे पहिलंच सरकार असावं.

आता रीत बघू. हिरव्या करीचं वाटण दगडी खलात कुटतात आणि त्याला क्रम असतो: आधी मीठ आणि कडक, तंतुमय जिन्नस, मग लसूण आणि छोटे कांदे, शेवटी कोळंबीचा आंबवलेला खर्डा. मिठाच्या खड्यांनी घासलं जाऊन तंतू तुटतात. यातल्या दोन वस्तू आपल्या घरात फुकट असतात आणि त्या दोन्ही आपण वापरत नाही. कोथिंबिरीची जुडी आणली की मुळं मातीसकट केरात जातात. थाई स्वयंपाकात लसूण, मिरी आणि कोथिंबिरीची मुळं एकत्र कुटणं ही कित्येक पदार्थांची सुरुवात असते. गवती चहाच्या पाती आपण कापून चहात टाकतो आणि खालचा पांढरा बुंधा कुंडीत ठेवतो; त्यांना हवा असतो तो बुंधाच. आणि मग नारळाचं दूध. आपल्याकडे ते फुटलं की घरात सुनेकडे बघतात. मध्य थायलंडच्या पद्धतीत ते फुटावंच लागतं. दाट दूध कढईत आटवायचं, तेल वेगळं होऊन कडेला तकाकी आली की त्यात वाटण घालायचं आणि वास पालटेपर्यंत परतायचं. मसाल्याला तेल सुटेपर्यंत धीर धरणं ही काही आपल्याला शिकवायची गोष्ट नाही, पण पदार्थ परदेशी म्हटला की आपण सगळं एकदम पातेल्यात ओतून उकळतो. पाकिटातलं दूध फुटू नये अशीच सोय त्यात बरेचदा केलेली असते, तेव्हा नारळ खवा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढा वेळ कुणाला आहे? बरोबर आहे. थाई घरांतही बाजारातून वजनावर तयार वाटण आणतात, त्यामुळे बरणीतली पेस्ट आणण्यात पाप नाही. पण आणलेली पेस्ट परतावी तर लागेल! मिक्सर चालेल, फक्त तो फिरावा म्हणून आपण पेलाभर पाणी ओततो आणि ते वाटण पुढे परतलं न जाता शिजतं. दुसरा आक्षेप शाकाहाराचा आणि फिश सॉसच्या वासाचा. सुकटीचा वास चालणाऱ्या घरांनी फिश सॉसला नाक मुरडण्याचं काही कारण नाही. बाकीच्यांसाठी थायलंडमध्येच सोय आहे. तिथे वर्षातून एकदा शाकाहाराचा उत्सव असतो, फुकेतचा तर प्रसिद्धच आहे, आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य! आपल्या चातुर्मासाशी त्याचं सहज जमेल. तेव्हा सोया सॉस आणि आंबवलेलं सोयाबीन वापरावं. उत्तर थायलंडात सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्या कोळंबीच्या खर्ड्याच्या जागी चालतात. तिसरा आक्षेप नाजूक आहे. पॅड क्रापावमध्ये खिम्यावर मूठभर पानं पडतात, ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपली तुळसच. यावर वाद घालण्याची माझी तयारी नाही. वृंदावनाला हात न लावता गॅलरीत वेगळी कुंडी लावावी आणि घरातल्या मोठ्यांना विचारावं.

तोम याम या आंबट-तिखट सूपबद्दल थोडक्यात: युनेस्कोने २०२४ मध्ये कोळंबीच्या तोम यामला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, म्हणून लिंबू उकळायला सुरुवात करू नये. गॅस बंद केल्यावर पिळावं.

खरा घात होतो पॅड थाईत, आणि तो करते आपली मोठी कढई. या नूडल्स उकळायच्या नसतात. साध्या पाण्यात वाकतील इतपत भिजवायच्या आणि उरलेलं शिजणं चिंच, ताडाची साखर आणि फिश सॉस यांच्या रसात, मोठ्या आंचेवर, दोन-तीन मिनिटांत उरकायचं. रस्त्यावरची बाई एका वेळी एक-दोन बशांपुरतंच करते, कारण जास्त घातलं की कढई थंड पडते, नूडल्स पाणी सोडतात आणि लगदा होतो. आपल्याला मात्र पाहुण्यांना एकदम वाढायचं असतं. ‘सगळ्यांनी बरोबर बसायचं’ हा संस्कार चांगलाच आहे, पण तो पॅड थाईला मानवत नाही. तेव्हा पाहुणे आठ असतील तर कढई चार वेळा तापवा आणि ज्याचं झालं त्याला खायला बसवा. हे जमणार नसेल, तर त्या दिवशी सरळ मसालेभात करा.