वर एक तुकडा

परभणीहून अमेरिकेला जायचं तर पहिली अडचण दिशेची. मुंबई पश्चिमेला, अमेरिका तिच्याही पलीकडे. आणि आपल्याला जवळचा विमानतळ नांदेडचा, म्हणजे पूर्वेला पाऊणशे किलोमीटर. "मागं जाऊन पुढं जायचं व्हय?" म्हणत मामांनी तो बेत मोडीत काढला आणि आम्ही गुमान देवगिरी एक्सप्रेस धरली.

मामा एसटीतले निवृत्त कंडक्टर. किलोमीटर त्यांना पटत नाहीत. 6 किलोमीटरचा एक टप्पा, बस्स. न्यू जर्सीतल्या लेकीनं फोनवर सांगितलं, मुंबई ते नेवार्क साडेबारा हजार किलोमीटर. मामांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर भागाकार मांडला. "2083 टप्पे, आन् वर एक तुकडा. तुकड्याला पूर्ण टप्प्याचं भाडं लागतंय." पुढचा मुद्दा सवलतीचा. 2022 पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट, मग विमानाला का नाही? ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच, असं मी म्हणालो. "मग समुद्र लागेस्तोवरचे टप्पे तरी वजा करा!"

परभणी ते मुंबई साडेपाचशे किलोमीटर, बारा तासांचा मामला. मनमाडकडचा मार्ग एकेरी, त्यामुळे क्रॉसिंग आलं की निवांत. शेजारच्या म्हातारबांनी विचारलं, "कुठं चाललाव?"

"अमेरिकेला."

"मंग मनमाडला बदलावं लागंल."

मीटरगेजच्या काळात मुंबईला जाणारा प्रत्येक जण मनमाडला गाडी बदलत असे. त्या हिशेबानं त्यांचं काही चुकलं नव्हतं.

विमानात मामांची नजर समोरच्या नकाशावरून हटेना. रेघ सरळ पश्चिमेला न जाता वर उत्तरेकडं वळलेली. "ड्रायव्हर रस्ता चुकला की रं." मी पिशवीतली मोसंबी काढली, पेनानं दोन ठिपके दिले, एक मुंबई, एक नेवार्क, आणि चिवड्याच्या पुड्याचा दोरा ताणून धरला. दोरा आपसूक देठाकडं चढला. गोल पृथ्वीवर ध्रुवाच्या बाजूनं जाणारी वाटच जवळची पडते. वारा आणि कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे, यावर ती थोडी इकडं-तिकडं होते. मामांनी दोरा स्वतः दोनदा ताणून पाहिला, मग मोसंबी सोलून खाल्ली. अमेरिकेत फळ नेऊ देत नाहीत, त्यामुळे पुरावा नष्ट करणं भागच होतं.

विमान ताशी 900 च्या आसपास पळतं, तरी पश्चिमेला जाताना वरचा जोराचा वारा तोंडावर येतो आणि सोळा तास मोडतात. रात्री अकराला मुंबई सोडली, नेवार्कला उतरलो तेव्हा तिथं पहाटेचे साडेपाच. मामांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, बोटं मोजली आणि लेकीच्या गाडीत बसायच्या आधी परभणीला फोन लावला. "साडेसहा तासांत पोचलो! देवगिरीपेक्षा निम्मा टाइम!"

येताना वारा पाठीशी असतो, दीडेक तास वाचतो. पण घड्याळ मात्र चोवीस तासांचा प्रवास दाखवतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.