मा. सकाळी 7 ते 11 यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. सकाळी 7 ते 11,
मुक्काम मंत्रालय, मुंबई

जत, जि. सांगली
30 एप्रिल 2021

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमची मुदत 15 मेपर्यंत वाढल्याचं कळलं. अभिनंदन. माझ्या दुकानात सध्या मुदत वाढलेले तुम्ही एकटेच. बाकी मालाची मुदत तरी संपत आलीय, नाहीतर माल तरी.

आपली ओळख 20 तारखेला रात्री 8 वाजता झाली, दुकान उघडं ठेवायची नवी वेळ म्हणून. तेव्हापासून रोज भेट होते, पण बोलणं होत नाही. तुम्ही आलात की दुकानापुढं रांग लागते आणि तुम्ही गेलात की पोलिसांची गाडी येते. म्हणून हे पत्र. मी जतला किराणा दुकान चालवतो. त्यामुळे ‘अत्यावश्यक’ या सदरात मोडतो. आमच्या घरात आजवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं, तेव्हा त्याबद्दल आधी आभार.

तुमचं घराणं थोर आहे. आजोबा 1897 चा साथरोग कायदा, प्लेगच्या धामधुमीत जन्मलेले, अजून ठणठणीत. वडील 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. गेल्या वर्षीचे तुमचे थोरले बंधू तापट होते. 24 मार्चला रात्री 8 वाजता टीव्हीवर आले आणि 12 वाजल्यापासून देश बंद. चार तासांत माझ्या दुकानातलं मीठसुद्धा संपलं. मीठ! समुद्र काही बंद होणार नव्हता, पण लोकांनी वर्षाचं भरून घेतलं. तुम्ही त्या मानाने मवाळ. बंधूंनी चार तासांची सूचना दिली, तुम्ही रोज चार तासांची सवलत देता.

तक्रार मवाळपणाबद्दल नाहीच. कोरोनाची साथ पुन्हा उसळलीय, हे सांगायला मला टीव्ही लागत नाही. गेल्या वर्षी ती इस्लामपूरपर्यंत आली तेव्हा आम्ही इथं बसून नकाशा बघत होतो. यंदा वस्तीवस्तीवर खोकला आहे. 18 एप्रिलला राज्यात एका दिवसात 68,631 रुग्ण सापडले. 1918 च्या तापाचीही दुसरीच फेरी जबर होती, हे शाळेत कुणी शिकवलं असतं तर जानेवारी-फेब्रुवारीत एवढी लग्नं लागली नसती. तेव्हा गर्दी नको, हे कबूल. माझ्या वयाला तर दोनदा कबूल.

फक्त एक हिशेब जुळत नाही. माझं दुकान सकाळी 7 ला उघडायचं आणि रात्री 9 ला बंद व्हायचं. गिऱ्हाइकं तेवढीच, पोटं तेवढीच. 14 तासांत यायची ती माणसं आता चार तासांत येतात. दुकानापुढं फक्कीने गोल आखलेत. पहिले काही दिवस माणसं गोलात उभी राहिली, मग गोलात पिशव्या उभ्या राहिल्या आणि माणसं सावलीला एकत्र जाऊन गप्पा मारू लागली. पिशव्यांमधलं अंतर मात्र नियमाप्रमाणे आहे. ज्या साहेबांनी गर्दी कमी करण्यासाठी वेळ कमी केली, त्यांनी कधी एसटीच्या फेऱ्या कमी करून गर्दी कमी होते का हे पाहिलेलं दिसत नाही.

पण हेही चाललं असतं. खरी गोष्ट पुढं आहे.

माझ्या गल्ल्याला दोन भरती येतात. सकाळची पगारवाल्यांची. मास्तर, बँकेतले, तलाठी, पेन्शनवाले. ही माणसं यादी घेऊन येतात, मोबाइलवर पैसे देतात आणि तेलाचा 15 किलोचा डबा उचलतात. दुसरी भरती संध्याकाळी 6 नंतर. ती बांधावरून, द्राक्षबागेतून, बेदाणा शेडवरून, बांधकामावरून येते. हातात त्या दिवसाची हजेरी असते. त्यातून दहाचं तेल, पाचाची चहापूड, पावशेर साखर, एक अंडं. कुणी मराठीतून मागतं, कुणी कानडीतून, ‘हत्तु रुपाई एण्णी कोड्री’ म्हणून. दहाचं तेल दोन्हीकडं सारखंच येतं, बाटलीच्या तळाशी.

आता सांगा, ही दुसरी भरती तुमच्यात कशी बसवायची? सध्या बागांची खरड छाटणी चालू आहे. जतचं ऊन तुम्हाला माहीत नसेल. मजूर सकाळी 7 ला बागेत शिरतात, कारण 11 नंतर उभं राहवत नाही. म्हणजे तुमची वेळ तीच त्यांच्या कामाची वेळ. आणि पैसे हातात पडतात संध्याकाळी, तेव्हा माझं शटर खाली. परवा एक बाई 11 वाजून 20 मिनिटांनी आली. म्हणाली, “अण्णा, पैसं संध्याकाळी गावत्यात, त्याल सकाळी कुठलं न्यायचं?” मी म्हटलं, “अक्का, नियम मुंबईचा आहे.” ती म्हणाली, “मग मुंबईला हजरी सकाळी देत्यात व्हय?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून तुमच्याकडे पाठवतोय.

या पत्रात तुमचा अपमान करण्याचा हेतू नाही. तुम्हाला ज्याने जन्म दिला, त्याच्या खात्यावर 1 तारखेला पगार जमा होतो, एवढंच तुमच्या चेहऱ्यावरून कळतं. ज्याच्या घरात महिन्याचा बाजार भरलेला असतो, त्याला दुकान कधी उघडं आहे याने फरक पडत नाही. सकाळी नाही जमलं तर परवा. ज्याच्या घरात आजचंच असतं, त्याचा तुमच्याशी रोजचा संबंध, आणि नेमका तोच तुम्हाला भेटत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. 13 तारखेला पॅकेज आलं. रेशनवर महिन्याचे 3 किलो गहू, 2 किलो तांदूळ फुकट. शिवभोजन थाळी फुकट. नोंदणी असलेल्या बांधकाम कामगाराला 1,500, परवानाधारक रिक्षावाल्याला 1,500, नोंदणी असलेल्या फेरीवाल्याला 1,500. शेतमजुराचं नाव त्या यादीत मला सापडलं नाही. उसाच्या फडावरून नुकत्याच परतलेल्या टोळ्यांचंही नाही. त्यांची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत असते, आणि ती उचलीची असते. गहू फुकट मिळाला तरी दळण फुकट नाही, भाकरीबरोबर खायला आमटी लागते, आमटीला फोडणी लागते. इथं गाडी तेलापाशी येते.

तेलाचं काय विचारता! एवढी वर्षं गल्ल्यावर बसतोय, असा भाव पाहिला नाही. वर्षभरापूर्वी जी पिशवी 90-100 रुपयांना द्यायचो, ती आता दीडशेच्या घरात. गिऱ्हाइकाला वाटतं अण्णाने दाबून ठेवलंय. अण्णाकडे दाबायला आहेच काय? आपल्या देशाचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल युक्रेनमधून. तिकडं मजूर कमी पडले, पीक हुकलं, चीनने खरेदी वाढवली, की जतच्या कढईतलं तेल आटतं. आणि हा मुलूख करडईचा! जत, मंगळवेढा, पलीकडचं विजापूर, या काळ्या रानात शाळूच्या पाटात करडई असायचीच. घाण्याचं तेल पितळी लोट्यात यायचं. पामतेल स्वस्त मिळतंय म्हणून करडई गेली, आता स्वस्त तेलही गेलं. तुमच्या मंत्रालयात कृषी खातं कितव्या मजल्यावर आहे माहीत नाही, जिना चढताना सहज विचारून बघा.

बायकांनी मात्र तुमची आणि मलेशियाची दोघांचीही वाट पाहिलेली नाही. हुलग्याचं माडगं परत आलंय, त्याला तेल लागत नाही. शेंगदाण्याचं कूट घातलं की आमटीला आपोआप तवंग येतो. ज्यांच्या घरी गॅस आला होता त्यांनी शेगडीवर फडकं टाकलंय. सिलिंडर मुंबईतच 809 रुपये, इथं त्यावर वाहतूक. चूल पुन्हा पेटलीय. माझी आई 1972 सांगते. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची आणि दुष्काळी कामावर सुकडी. मिलोच्या भाकरीला चव नव्हती, पण दुकान मात्र संध्याकाळी उघडं होतं, असं ती म्हणते. पुढचं वाक्य माझं नाही, तिचं आहे: “दुष्काळाला वेळ नव्हता, ह्याला घड्याळ आहे.”

तुटवडा म्हणजे काय हे गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये शहरांना नव्याने कळलं. तिकडं ऑस्ट्रेलियात लोक कागदाच्या गुंडाळ्यांसाठी दुकानात हमरीतुमरीवर आले, ते व्हिडिओ आम्ही मोबाइलवर पाहिले. आमच्याकडे कागदावर कुणाचं काही अडत नव्हतं. आमच्याकडे भांडण झालं तंबाखूच्या पुडीवरून. पानटपऱ्या बंद, पुडीचा भाव तिप्पट, आणि मिसरीवाचून म्हाताऱ्यांचे सकाळचे व्यवहार खोळंबलेले. एका आजीने माझ्याकडे पाव किलो डाळ परत दिली आणि त्या बदल्यात मिसरी मागितली. अत्यावश्यक वस्तूंची यादी करताना या आजींना कुणी विचारलं नाही.

तुमच्या आदेशात घरपोच सेवेला रात्री 8 पर्यंत मुभा आहे, हे मी वाचलंय. वाचून दोन दिवस बरं वाटलं. मग दुकानातल्या पोराला विचारलं. जत तालुक्यात माणूस गावात कमी आणि वस्तीवर जास्त राहतो. या ओढ्यापलीकडं दोन घरं, त्या माळावर चार. दहाचं तेल घेऊन पोरगं चार किलोमीटर जाईल, पण पेट्रोल कुणाच्या खात्यावर लिहायचं? ‘घरपोच’ हा शब्द लिफ्ट असलेल्या इमारतीत बसून लिहिलेला आहे.

आता थोडं तुमच्या शेजाऱ्यांविषयी. उमदी, संखकडच्या लोकांना बाजाराला जत लांब आणि चडचण जवळ. 27 तारखेपासून कर्नाटकातही निर्बंध आलेत. तिकडं तुमचे चुलतभाऊ नेमलेत, सकाळी 6 ते 10. आमच्या सीमेवरच्या माणसाला वाटलं, चला, 6 ला तिकडं, 11 पर्यंत इकडं, एक तास जास्तीचा मिळाला! पण पलीकडं जायला 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह लागतो. म्हणजे आधी नाकात काडी, मग अहवालाची वाट, मग किलोभर तूरडाळ. ज्याला इकडची सोयरीक आणि तिकडचं शेत आहे, त्याने काय करावं, हे दोन्ही राज्यांनी अजून ठरवलेलं नाही. इकडं लग्नाचं तेवढं ठरवलंय: 25 माणसं, दोन तास, मोडल्यास 50 हजार दंड. सोयरे मोजतानाच दोन तास जातात.

काही तुटवडे माझ्या दुकानाच्या पलीकडचे आहेत. ते तुमच्या वेळेत बसत नाहीत आणि वेळेबाहेरही बसत नाहीत. गेल्या आठवड्यात एक ओळखीचा पोरगा उधार मागायला आला. मी वही काढली, तर त्याला किराणा नको होता, रोख हवी होती. बाप मिरजेला ॲडमिट, चिठ्ठीवर रेमडेसिव्हिर लिहिलेलं. सांगली, सोलापूर, विजापूर, सगळीकडं फोन झालेले. सरकारने भाव खाली आणलाय, पण छापील भावात कुठं मिळतंय ते कुणी सांगेना. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबरातच हे औषध रुग्णालयातल्या रुग्णांना देऊ नका म्हटलं होतं, हे मला पेपरात वाचून ठाऊक होतं. त्याला कसं सांगणार? बापाच्या चिठ्ठीपुढं जागतिक संघटना कुणाला पटेल? पैसे दिले. बाप गेला.

टँकरची रांग आम्हाला नवी नाही. 2019 ला घागरी मांडून बसलेल्या गावांनी आता पेपरात ऑक्सिजनचे टँकर रेल्वेने येताना पाहिले. पाच वर्षांपूर्वी याच आमच्या मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, तेव्हा जतची माणसं ती बघत होती आणि स्वतःच्या टँकरची वाट पाहत होती. पाण्याला निदान रांग लावता येते, एक दिवस उशीर झाला तर शेजारी घागर देतो.

असो. तुमची वेळ संपत आली, बाहेर शिट्टी वाजली. शटर अर्धं खाली घेतोय. माझ्या घराला मागचं दार आहे, ते घराचं आहे, दुकानाचं नाही, त्यामुळे ते आदेशात येत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. पण हवालदारसाहेबांचं मत अजून कळलेलं नाही.

मागणी एवढीच, की तुम्ही दोन तुकड्यांत या. सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 8. बेरीज चारच तास होते, सरकारला एक मिनिटाचीही तोशीस नाही. सकाळी मास्तर येतील, संध्याकाळी अक्का. गर्दीही निम्मी.

कळावे, लोभ असावा.

आपला अत्यावश्यक,
एक किराणा दुकानदार

ता. क. : याच मजकुराचं एक पत्र कानडीत करून पलीकडच्या सकाळी 6 ते 10 यांनाही पाठवतोय. पाण्यासाठी आमच्या सीमेवरच्या काही गावांनी पूर्वी कर्नाटकात जायची भाषा केली होती. तेलासाठी अजून कुणी तसं म्हटलेलं नाही. पण दोघांपैकी संध्याकाळचे दोन तास आधी कोण देतंय, हे माझं गिऱ्हाईक बघून आहे.