वाढत्या अंगाचं घर

कुत्रा नको, कारण माझ्या नवऱ्याला केसांची ॲलर्जी आहे. मांजर नको, त्याच कारणाने. पोपट नको, कारण आमच्या घरात बोलणारे पुरेसे आहेत. असं म्हणत म्हणत मी लेकीच्या हट्टाला अटी घालत गेले. केस नकोत. आवाज नको. मिशिगनच्या जानेवारीत पहाटे फिरायला न्यावं लागायला नको. आठवडाभर घर बंद राहिलं तरी उपाशी मरायला नको. दहा वर्षांच्या मुलीने ती यादी मान खाली घालून ऐकली, लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि सगळ्या अटींत चपखल बसणारा प्राणी माझ्यापुढे ठेवला. कॉर्न स्नेक. म्हणजे साप.

बिनविषारी, शांत, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला आणि नात्याने आपल्या धामणीचा लांबचा भाऊबंद. अंड्यातून निघतो तेव्हा वीतभर असतो, पुढे तीन ते पाच फूट होतो, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. हा शेवटचा आकडा ऐकून मी मनातल्या मनात हिशेब केला. लेक कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, कदाचित लग्नही करेल, आणि साप माहेरीच राहील.

पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर तिचा मुलगा मागून ओरडला, ‘आई, मलापण!’ त्याची समजूत घालणं सोपं होतं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि आपल्याकडचे साप घरात पाळणं हा गुन्हा आहे. आमच्याकडे तशी सबब नव्हती. हे पिल्लू जंगलातून धरून आणलेलं नव्हतं. त्याचे आईबाप, आजीआजोबा सगळे माणसाच्याच घरात पेटीत वाढलेले.

माझी शेवटची आशा म्हणजे सासूबाई. त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणार होत्या. घरात साप आहे म्हटल्यावर कोणती सासू विमानात बसेल? पण माझ्या सासूबाईंचं माहेर बत्तीस शिराळ्याचं. सांगली जिल्ह्यातलं नागपंचमीचं शिराळा! ज्या गावात बायकांनी दारात जिवंत नागाची पूजा केली, त्या गावच्या लेकीला मी सापाची भीती घालत होते. फोनवर सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, ‘किती लांब हाय?’ मी म्हटलं, ‘आई, आत्ता वीतभर.’ त्या म्हणाल्या, ‘हात्तिच्या!’ आणि तिकडे बॅग भरायला लागल्या.

तर साप ठरला. आता त्याचं घर.

साप आणण्याआधी घर तयार हवं, आणि नुसतं तयार नव्हे, तर आठवडाभर रिकामं चालवून त्यातलं तापमान स्थिर झालं की नाही ते बघायचं, अशी या क्षेत्रातली रीत आहे. ही चांगली रीत आहे. माणसांच्या बाबतीतही ती कुणी पाळली असती तर नव्या इमारतींत राहायला गेलेल्या कितीतरी लोकांचे हाल वाचले असते.

पहिला वाद आकाराचा. पिल्लू केवढं, तर माझ्या हातातल्या पेन्सिलीएवढं जाड. त्याला छोटी पेटी पुरते. पण मोठ्या सापाला आजकाल किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा हवी असं जाणकार सांगतात. म्हणजे आज एक पेटी घ्या, वर्ष-दोन वर्षांनी दुसरी घ्या. इथे नवऱ्यातला मध्यमवर्गीय मराठी माणूस जागा झाला. ज्याने स्वतः पाचवीचा शर्ट आठवीपर्यंत वापरला, तो दोन पेट्या घेणं शक्यच नव्हतं. ‘एकदाच मोठी घेऊ. वाढत्या अंगाची.’

त्यावर लेकीने पुस्तक उघडलं. मोठ्या मोकळ्या जागेत लहान साप घाबरतो. रानात मोकळ्या जागेत सापडलेलं पिल्लू घारीच्या पोटात जातं, हे त्याच्या रक्तात असतं. मग तो लपून बसतो, खाणं सोडतो. तेव्हा मोठं घर घ्यायचं असेल तर ते अडगळीने गच्च भरायला हवं. झाडाच्या सालीचे तुकडे, प्लॅस्टिकची पानं, कागदाच्या नळ्या, लपायला बिळं. हे ऐकून मला त्या प्राण्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. मोठं घर घ्यायचं आणि ते सामानाने गच्च भरायचं, हे तर आमच्या बेसमेंटला बघूनच कळलं असतं.

दुकानातल्या उत्साही मुलाने आमच्यापुढे ‘स्टार्टर किट’ ठेवलं होतं. त्यात लाल दिवा होता, रंगीत वाळू होती आणि विजेवर तापणारा एक खोटा दगड होता. लेक त्या दगडाकडे बघून म्हणाली, ‘याने पोट भाजतं.’ मुलगा गप्प. मग तिने काचेला चिकटवायचा घड्याळासारखा तापमापक हातात घेतला आणि म्हणाली, ‘हा चुकीचं तापमान दाखवतो.’ मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. त्या दुकानातून आम्ही शेवटी फक्त पाण्याचं भांडं घेतलं.

खाली अंथरायला भुसा लागतो, आणि त्यातही लाकडालाकडांत भेद आहे. सीडरचा भुसा वासाला छान, पण तो वास ज्या तेलांचा असतो ती सापाच्या फुप्फुसांना घातक. पाइनचंही तेच. अस्पेनचा चालतो. त्याला वास नाही, तो कोरडा राहतो आणि साप त्यात भुयारं करतो. तीन-चार इंचांचा थर हवा. आमच्या बैठकीतल्या सोफ्याला एवढी जाड गादी नाही, हे सासूबाईंनी आल्याआल्या हाताने दाबून तपासलं.

खरी मजा तापमानाची. साप अंगात पुरेशी उष्णता तयार करत नाही. तो ती बाहेरून घेतो आणि जास्त झाली की सरकतो. म्हणून पेटीचं एक टोक गरम हवं, साधारण तीस-एकतीस अंश, आणि दुसरं गार, चोवीसच्या आसपास. एका टोकाला सांगली आणि चार फुटांवर महाबळेश्वर. अन्न पचवायचं असेल तर सांगलीला यायचं, डोकं शांत करायचं असेल तर महाबळेश्वरला जायचं. गरम टोक पुरेसं गरम नसेल तर खाल्लेलं पचत नाही आणि साप ते ओकून टाकतो.

गरम टोकाला खालून हीट मॅट लावतात, पण ती थेट प्लगला जोडून चालत नाही. मोकळी सोडली तर ती सापाला भाजेल इतकी तापते. मध्ये थर्मोस्टॅट लागतो. माझा नवरा मोटारींच्या कंट्रोल सिस्टिमवर काम करतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शिक्षणाचा घरात उपयोग होणार होता आणि त्याने ती संधी दोन्ही हातांनी धरली. प्रोब कुठे लावायचा, मॅटवर की भुशाखाली, यावर तो रात्री उशिरापर्यंत विचार करायचा. मग एक्सेलमध्ये आलेख आला. मग आलेखाला रंग आले. आमच्या घरातल्या एसीचा रिमोट गेली दोन वर्षं सेलोटेपने बांधलेला आहे, पण सापाच्या घरात अर्ध्या अंशाचा फरक पडला की हा बेसमेंटमध्ये पळायचा. साप अजून आला नव्हता, हे लक्षात असू द्या.

पेटी कुठे ठेवायची यावरही सभा झाली. खिडकीपाशी नको, कारण ऊन पडलं की काचेच्या आत भट्टी होते. वॉशिंग मशीनजवळ नको, कारण सापाला जमिनीतले हादरे फार जाणवतात. लेकीला तिच्या खोलीत हवी होती. मला गॅरेजमध्ये हवी होती, आमच्या नव्हे, कुणाच्याही. शेवटी बेसमेंटचा कोपरा ठरला. सासूबाईंनी मोबाइलवर दिशा बघून घेतली आणि काही बोलल्या नाहीत, यावरून ती चालण्यासारखी असावी.

मग कडीकोयंडा. कॉर्न स्नेक पळून जाण्यात पटाईत. जिथून डोकं जातं तिथून बाकीचा साप जातो, आणि पिल्लाचं डोकं जवळपास कुठूनही जातं. नवरा पेन्सिल घेऊन प्रत्येक फट तपासत होता. फट दिसली की त्याचा हात सेलोटेपकडे जायचा आणि लेक किंचाळायची, ‘टेप नाही!’ कारण टेपचा गोंद सापाच्या खवल्यांना चिकटतो आणि सोडवताना कातडी सोलते. शेवटी क्लिपा लागल्या, कुलूप लागलं, आणि एवढं होऊनही माझ्या समाधानासाठी वर वेट ग्राइंडरचा दगड ठेवला. इडल्या त्या महिन्यात विकत आणल्या.

राहिलं बीळ. खरं तर दोन बिळं. एक सांगलीला, एक महाबळेश्वरला. एकच ठेवलं तर सुरक्षित वाटायचं की ऊब घ्यायची असा पेच सापापुढे पडतो. आणि बीळ अंगासरशी हवं. वेटोळं घातल्यावर चहूबाजूंनी भिंत अंगाला लागली पाहिजे, तर त्याला बरं वाटतं. बाजारात याची प्लॅस्टिकची गुहा मिळते, कवटीच्या आकाराचीसुद्धा मिळते. किंमत बघून सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्याला? आमच्याकडं मडकं असायचं. नागाला आत घातला, तोंडाला फडकं बांधलं, की मुकाट बसायचा. पंचमी झाली की परत रानात.’

आणि त्या वर गेल्या. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळालेली दोन सुगडं माझ्या कपाटात होती. ती त्यांनी आणली, कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत केल्या आणि आडवी करून भुशात अर्धी पुरली. लेकीने पुस्तक काढून पडताळलं. मातीचं भांडं चालतं. उत्तम चालतं. माती ऊब धरून ठेवते आणि खरखरीत असल्यामुळे कात टाकताना अंग घासायला बरी. एका सुगडात तिने ओलं शेवाळ घातलं, कातीच्या दिवसांत ओलावा लागतो म्हणून. कवटी वाचली, पैसे वाचले.

एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती. सापाच्या घराचे नियम आणि माझ्या आजेसासूबाईंचं सोवळं यांत फरक फार थोडा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. म्हणून शिवण्याआधी हात धुवायचे, शिवल्यावर तर धुवायचेच. त्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणायचं नाही. त्याचा चिमटा वेगळा, फडकं वेगळं, बादली वेगळी. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात असा प्राणी नकोच, असं अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सांगते. सासूबाईंनी हे सगळं एकदा ऐकलं आणि ताबा घेतला. ‘शिवलीस का त्याला? मग लांब हो. कणकेला हात लावू नको.’ चाळीस वर्षांनी त्यांना आपला आवाज परत सापडला होता.

रिकामी पेटी आठवडाभर चालली. या काळात तिला पाहायला बरीच मंडळी येऊन गेली. लोक काचेला नाक लावून बघायचे आणि म्हणायचे, ‘दिसत नाही.’ आम्ही म्हणायचो, ‘नाहीच आहे.’ तरी दोन जणांनी फोटो काढले. शुक्रवारी सासूबाईंनी नारळ वाढवून वास्तुशांत उरकली. उदबत्तीला लेकीने मनाई केली, धूर चालत नाही म्हणून. हळदीकुंकू काचेला बाहेरून लागलं.

साप, म्हणजे आमचा मक्या, आला तो श्रीखंडाच्या डब्यात. म्हणजे तसाच प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला भोकं पाडलेला. अशाच डब्यांत ही पिल्लं विकतात. शेंदरी रंग, पाठीवर लाल ठिपके आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी, रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या. कॉर्न स्नेक हे नाव त्यावरूनच पडलं, असं म्हणतात. लेकीने डबा पेटीत आडवा केला. मक्या जीभ लपलपवत बाहेर आला, वाढत्या अंगाच्या त्या चार फुटी बंगल्यावर एक नजर टाकली, थेट सांगलीच्या सुगडात शिरला आणि दिसेनासा झाला.

आणि तसाच राहिला. नवीन साप आणला की आठवडाभर त्याला हात लावायचा नसतो, सारखं डोकावायचंही नसतं. लेक पेटीसमोर मांडी घालून बसायची. नवरा आलेखासमोर बसायचा. मी मात्र फ्रीझरपाशी उभी राहायचे, कारण मक्याचं जेवण तिथे होतं. जन्मून एक-दोन दिवस झालेली गोठवलेली उंदराची पिल्लं, दर पाच-सात दिवसांनी एक. त्यांना दुकानात ‘पिंकी’ म्हणतात. माझ्या धाकट्या नणंदेचं घरातलं नाव पिंकी आहे. ‘आई, फ्रीझरमधून पिंकीला काढू का?’ असं लेकीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा सासूबाईंच्या हातून झारा पडला.

हे उंदीर मी खोबऱ्याच्या किसापासून लांब, बेसमेंटच्या वेगळ्या छोट्या फ्रीझरमध्ये हलवले. त्या फ्रीझरचे पैसे धरले तर पन्नास डॉलरच्या सापामागे किती खर्च झाला हे मी नवऱ्याला एक्सेलमध्ये टाकायला सांगितलं. तो आलेख त्याने अजून काढलेला नाही.

नागपंचमी आली ती नेमकी मक्याच्या जेवणाच्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. जेवायला पुरणाची दिंडं, वाफवलेली. लेकीने विचारलं, ‘आजी, मग मक्याला आज उपास?’ सासूबाईंनी विचार केला. उंदीर चिरायचा नव्हता, तळायचाही नव्हता. नुसता पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा, आणि मऊ पडला की चिमट्याने पुढे धरायचा. ‘शास्त्रात बसतंय,’ त्यांनी निकाल दिला. दुधाचं मी नुसतं नाव काढलं, तर म्हणाल्या, ‘साप दूध पीत न्हाई गं. ते सिनेमातलं.’

संध्याकाळी त्यांनी शिराळ्याला भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुसरा दिवस उजाडला होता. कायदा आला, पुढे हायकोर्टाचे आदेश आले, तेव्हापासून मामांच्या दारात जिवंत नाग येत नाही. पूजा मातीच्या नागाची होते. सासूबाईंचा चेहरा असा खुलला होता की ही संधी त्या सोडणार नव्हत्या. ‘दादा, आमच्याकडं जिवंत हाय!’ आणि फोन त्यांनी काचेपुढे धरला.

मक्या जेवून आत गेलेला. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, असा लेकीचा सक्त हुकूम. पडद्यावर दिसत होतं ते भुशात आडवं पडलेलं सुगड आणि त्याचं काळोखं तोंड.

मामांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

‘मडक्यात हाय न्हवं?’

‘व्हय.’

‘मग फडकं का बांधलं न्हाईस?’