एडमंटनकर

मराठी माणसाचं आडनाव गावावरून पडतं, पण ते गाव सोडल्यावर. चिपळुणात राहून कोणी चिपळूणकर होत नाही. कॅनडातल्या मिसिसॉगात मात्र असा एक गृहस्थ आहे, की ज्याला गावाचं नाव आधी चिकटलं आणि गाव अजून यायचंय. टोरंटोला खेटून असलेल्या या शहरात, एका जुन्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून तो एडमंटनला राहायला जायचं की नाही हे ठरवतोय. मंडळाच्या गणपतीत पोरं त्याला 'एडमंटनकाका' म्हणून हाक मारतात आणि तो ओ देतो. खरं आडनाव पोस्टमनला ठाऊक असेल.

विमा कंपनीत आकडेमोड करण्यात उमर गेलेली, त्यामुळे निर्णय मनातल्या मनात घेणं त्याला अडाणीपणाचं वाटतं. निर्णय एक्सेलमध्ये घ्यायचा असतो. ती फाइल उघडली गेली २०२२ साली. अल्बर्टा सरकारने त्या वर्षी टोरंटोच्या मेट्रो स्टेशनांवर 'आमच्याकडे राहायला या' अशा अर्थाच्या जाहिराती लावल्या होत्या. बाकीचे लोक जाहिरातीसमोरून गाडी पकडायला धावले. हा थांबला आणि त्याने खिशातून पेन काढलं.

फाइलमधलं सगळं खरं आहे, आणि हीच पंचाईत आहे. खोटं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. ऑन्टारिओत खरेदीवर १३ टक्के कर, अल्बर्टात फक्त ५. ऑन्टारिओत घर घेताना सरकारला हस्तांतरणाचा कर मोजावा लागतो, अल्बर्टात तो नाही. इथल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या पैशात तिकडे तळघर, गॅरेज आणि मागे अंगण असलेलं सुटं घर येतं. हे आम्हाला पाठ आहे, कारण त्याच्याबरोबर साधे मोजे घ्यायला गेलं तरी काउंटरवर तो पावतीकडे बोट दाखवून म्हणतो, "यातले आठ टक्के आपण कशाचे देतोय?" एकदा डोसा खाताना हाच प्रश्न त्याने वेटरला विचारला. वेटर बिचारा समजला की टिप कापतोय.

खर्चाचे रकाने एका रात्रीत भरून झाले. घोडं अडलं ते थंडीच्या रकान्यावर. जानेवारीच्या सरासरीत टोरंटो आणि एडमंटन यांच्यात सहा-सात अंशांचा फरक. पण अंश आणि डॉलर यांची बेरीज करायची कशी? यावर त्याने तोड काढली. घरांच्या किमतीतला फरक घेतला, त्याला अंशांनी भागलं आणि जाहीर केलं की एकेक अंश सोसायला आपल्याला पन्नास-साठ हजार डॉलर मिळतात. वहिनी भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग अजून वर जाऊ. उत्तर ध्रुवावर घर देऊन वर पैसे देतील."

वहिनी औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहेत. डोस मोजून द्यायची सवय.

थंडीची तयारी मात्र त्याने मन लावून केली. ख्रिसमसनंतरच्या सेलमध्ये उणे चाळीसचा पार्का घेतला. तो घालून उणे तीनमध्ये कचरा टाकायला जातो आणि घामाघूम होऊन परततो. एका जानेवारीत बाल्कनीत बसायचा सराव सुरू केला, रोज दोन मिनिटं वाढवत. वहिनींनी एकदा आतून कडी लावली. काचेवर टकटक झाली तेव्हा आतून उत्तर आलं, "सवय होऊ दे." एडमंटनला रात्री गाडीच्या इंजिनाला वायर जोडून ती प्लगमध्ये खोचतात, म्हणजे सकाळी गाडी सुरू होते. पार्किंगच्या जागांतसुद्धा त्यासाठी प्लग असतात. हे तो इतक्या मायेने सांगतो, की जणू आत्ताच गोठ्यात गाईला वैरण टाकून आलाय.

आता कोणी म्हणेल, याने ते गाव पाहिलं तरी आहे का? पाहिलंय. दोनदा. दोन्ही वेळा जुलैत. रात्री दहापर्यंत उजेड, नदीकाठची हिरवीगार दरी, आणि वेस्ट एडमंटन मॉलमध्ये छताखालचा समुद्र. त्या समुद्राच्या लाटांत डुंबून आल्यावर टॉवेलने डोकं पुसत त्याने निष्कर्ष काढला, की लोक उगाच थंडीचा बाऊ करतात. डिसेंबरात तिथे दिवस साडेसात तासांवर येतो, हेही फाइलमध्ये आहे. त्याच्या शेजारी जूनचे सतरा तास आहेत. दोन्हींची सरासरी काढली की बारा येतात, म्हणजे मुंबईइतकेच.

मुंबईला, गिरगावात, त्याची आई असते. हिवाळ्यात एडमंटन भारताच्या साडेबारा तास मागे असतं, हा मुद्दा त्याने तिला फोनवर समजावला. "आई, घड्याळात तेच वाजलेले असतील. अर्धा तास इकडेतिकडे. फक्त तुझी रात्र तो माझा दिवस."

"ते तू इथे होतास तेव्हाही असंच होतं," आई म्हणाली, आणि तिकडे दूध मिळतं का ते विचारलं.

गंमत अशी, की त्याच्या फाइलने माणसं खरोखर गेली. पुण्याचं एक जोडपं चर्चेला आलं, चहा घेतला, शंका काढल्या आणि तीन महिन्यांत ट्रक भरून निघालं. नागपूरचा एक जण तर फोनवरच पटला. मे महिन्यात पंचेचाळीस सोसलेल्या माणसाला उणे चाळीस म्हणजे हिशेब पुरा झाल्यासारखा वाटला असावा. त्यांच्या वास्तुशांतीची आमंत्रणं याला पहिल्यांदा येतात. घरांचे फोटो येतात, तळघरातल्या टेबल टेनिसचे, अंगणातल्या गोठलेल्या तुळशीचे. आणि एडमंटनच्या मिल वुड्समधल्या कुठल्या दुकानात कढीपत्ता ताजा असतो, हे मिल वुड्समध्ये राहणाऱ्यांना हा मिसिसॉगातून सांगतो.

१३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी त्याचा दिवस उजाडला. अल्बर्टात कडाका पडला होता, कित्येक ठिकाणी पारा उणे चाळिसाच्या खाली, आणि वीज कमी पडू लागली म्हणून सरकारने सगळ्यांच्या मोबाइलवर इशाऱ्याची घंटा वाजवली, नको असलेले दिवे बंद करा. लोकांनी ते ऐकलं आणि वीज गेली नाही. याने त्या रात्री सगळ्या ओळखीच्या घरांत फोन केले. "दिवे आहेत ना? हीटर चालू आहे ना?" स्वतः पार्का घालून बसला होता, सहानुभूती म्हणून. नागपूरकर म्हणाला, "आम्ही मस्त आहो भाऊ, पण तुम्ही झोपा आता."

मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं, की दुसऱ्यांना तीन महिन्यांत हलवणारा माणूस स्वतः का हलत नाही. एकदा त्यानेच गिरगावची गोष्ट सांगितली. वडिलांच्या चाळीतल्या दोन खोल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं असं थिजलेलं, की पेपरचं बिल त्याहून जास्त यायचं. वडील दर रविवारी डबा घेऊन डोंबिवलीचे ब्लॉक बघायला जात. हवा चांगली, पाणी मुबलक, दर कमी, सगळं वहीत टिपून आणत. संध्याकाळी परत चाळीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांची निम्मी बिऱ्हाडं वडिलांच्या वहीवर डोंबिवलीला गेली. आई अजून त्याच खोल्यांत आहे.

घरी येऊन मी त्याची फाइल उघडली (आमच्या सगळ्यांकडे तिची प्रत आहे) आणि एक रकाना शोधला. सापडला नाही. ऑन्टारिओत १५ नोव्हेंबर २०१८ पूर्वी वापरात आलेल्या घरांचं भाडं, भाडेकरू तोच असेल तर, सरकार ठरवील तेवढंच वाढतं. घर सोडलं की मालकाने नव्या माणसाकडून हवं ते घ्यावं. याचा टॉवर जुना, हा त्यात जुना. म्हणजे इकडे बाजार चढत गेला तसतसा हा जागच्या जागी श्रीमंत होत गेला, आणि फाइलमध्ये तो स्वतःचं भाडं न लिहिता शेजारच्या नव्या भाडेकरूचं लिहीत होता. अल्बर्टात भाडेवाढीला अशी मर्यादा नाही, हेही गाळलं होतं. मला वाटतं, एडमंटन त्याला राहायला नकोय, धमकी द्यायला हवंय. साहेबाला, टोमॅटोच्या भावाला, पावतीवरच्या आठ टक्क्यांना. जाऊन बसल्यावर धमकी कशाची देणार?

मग एक दिवस घरमालकच दारात उभे राहिले. मूळचे लुधियानाचे, सत्तरीकडे झुकलेले. बँक ऑफ कॅनडाने २०२२-२३ मध्ये मूळ व्याजदर पाव टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेला होता, आणि यांच्या मोठ्या घराचं कर्ज नव्या दराने सुरू झालं होतं. ते घर विकून या फ्लॅटमध्ये स्वतः राहायला यायचा त्यांचा विचार होता. तसं कायद्यात बसतं. साठ दिवसांची नोटीस द्यायची, एका महिन्याचं भाडं भरपाई म्हणून द्यायचं. वहिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सुटलो. आता तरी काय ते ठरेल."

त्याने आलं घालून चहा केला. मालकांना सोफ्यावर बसवलं. लॅपटॉप उघडला.

"पाजी, आप इधर कायको रहते हो?"

दोन तास चाललं. कर, तळघर, अंगण, अंशाचा भाव. मिल वुड्समधला गुरुद्वारा, तिथे राहणारी मालकांची चुलत बहीण. इथलं घर विकून कर्ज फेडा, उरल्या पैशात तिकडे रोखीने घर घ्या, आणि या फ्लॅटचं भाडं दरमहा घरबसल्या येतंच आहे. थंडीचा विषय निघाला तेव्हा त्याने पार्का आणून त्यांच्या अंगावर घातला. मालकांनी आरशात पाहिलं, बाह्या ओढून बघितल्या आणि हा कितीला पडला ते विचारलं.

मालक सप्टेंबरात गेले. पार्का त्यांनीच नेला. जाण्याआधी कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांची मुदत देऊन २०२५ साठीची अडीच टक्के भाडेवाढीची नोटीस तेवढी पाठवली. ती हातात धरून तो माझ्याकडे आला, तिन्हीसांजेला.

"अडीच टक्के!" तो म्हणाला. "बघितलंस? इथे राहणं आता परवडायचं नाही."